राजीनाम्याच्या सहीआधी 21 दिवस द्या

प्रति,
मा. श्री. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पैसे देऊन घेतलेला 'स्वेच्छा' राजीनामा आणि त्यासोबत लिहून घेतला जाणारा हक्कत्याग

महोदय,

देवणी हा लातूर जिल्ह्याच्या टोकाचा, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. देवणी गोवंशामुळे त्याचं नाव देशभर माहीत आहे. पण आमच्या घराघरांतली तरणी पोरं गोठ्यात नाहीत, ती चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला आहेत. सोयाबीन आणि तुरीवर घर चालत नाही म्हणून आयटीआय करून गेली, कुणी इंजिनिअर होऊन गेली. दर महिन्याला त्यांच्याकडून येणाऱ्या पैशावर इथली दवाखान्याची बिलं, बहिणींची लग्नं आणि सोसायटीचे हप्ते भागतात. त्यांतलं कुणी ना कुणी आता 'हिशोब घेऊन' परत येतं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

परत आलेल्या अशाच एका मुलाने दाखवलेला कागद मी वाचला. कंपनीचं नाव इथे घेत नाही. कागद एकच पानाचा आणि इंग्रजीत होता. आशय असा : मी वैयक्तिक कारणामुळे राजीखुशीने राजीनामा देत आहे, माझं सर्व येणं मला मिळालं आहे, यापुढे कोणत्याही न्यायालयात किंवा कामगार कार्यालयात मी दावा करणार नाही. खाली सही आणि अंगठा, दोन्ही. दुपारी त्याला आत बोलावलं, मोबाईल बाहेर ठेवायला लावला. सही केली तर चेक आज, नाही केली तर उद्यापासून गेट बंद आणि अनुभवाचा दाखलाही नाही, असं सांगितलं. वैयक्तिक कारण कोणतं, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते आधीच टाईप केलेलं होतं.

देवणीचा बैल घेणारा शेतकरी बाजारात त्याचे दात बघतो, चालवून बघतो, जाणत्या दोघांना विचारतो आणि मगच पैसे मोजतो. अकरा वर्षांची नोकरी सोडणाऱ्या माणसाला तेवढीही सवड मिळत नाही.

या एका सहीने काय जातं, तेही पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कामगार कपातीसाठी जुन्या कायद्यातल्याच अटी आहेत : महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. नव्या कौशल्यासाठीच्या निधीतून आणखी 15 दिवसांचा पगारही मिळतो. वर्षभरात पुन्हा भरती झाली तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यावी लागते. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीला सरकारची परवानगी लागते. पण स्वेच्छेने नोकरी सोडणं ही कायद्याच्या व्याख्येत कपात नाही. राजीनामा लिहून घेतला की नोटीस, भरपाई, निधी, पुनर्भरतीची संधी आणि सरकारची परवानगी हे सगळंच एका झटक्यात बाजूला पडतं.

एक साधा हिशोब मांडू. समजा पगार 26,000 रुपये आणि नोकरी 11 वर्षांची. ग्रॅच्युइटी 1,65,000 रुपये होते. कपातीची भरपाई साधारण 1,43,000, नोटीसचा पगार 26,000, कौशल्य निधीचे सुमारे 13,000. एकूण 3,47,000 रुपये. आता कंपनी म्हणते, 'आम्ही साडेतीन लाखांचं पॅकेज देतो, सही कर.' ऐकायला ती रक्कम भरघोस वाटते. खरं तर कपात केली असती तर एवढी रक्कम कायद्यानेच द्यावी लागली असती. म्हणजे कोर्टात जाण्याच्या हक्कावर त्या पोराने पाणी सोडलं ते 3,000 रुपयांसाठी. आणि ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी किंवा केलेल्या कामाचा पगार हे तर कुणाच्या मेहेरबानीचं देणं नव्हेच. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचाही पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. हाच पगार अडवून ठेवून त्याच्या बदल्यात सही मागणं म्हणजे माणसाला खिंडीत गाठणं आहे.

स्वेच्छानिवृत्तीला माझा विरोध नाही. नीट राबवली तर तिच्यातून दोन्ही बाजूंचं भलं होऊ शकतं. बीएसएनएलची 2019 ची योजना आठवा. ती 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर अशी महिनाभर खुली होती. झालेल्या प्रत्येक वर्षामागे 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे 25 दिवसांचा पगार, हे सूत्र सगळ्यांना आधीच माहीत होतं. पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 78,000 जणांनी ती घेतली आणि 31 जानेवारी 2020 ला निवृत्त झाले. पुढे कुणाला पस्तावा झाला असेल, पण घरच्यांना विचारायला, आकडेमोड करायला महिना होता. मराठवाड्याने याआधी नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा बंद होताना पाहिला आहे. राज्यभरातल्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या (एनटीसी) गिरण्यांतून हजारो कामगार स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन बाहेर पडले. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं, तेव्हा हजाराहून अधिक कामगारांच्या मागे संघटना होती, म्हणून त्यांचा प्रश्न न्यायालयात आणि सरकारदरबारी तरी पोचला. आमच्या पोरांना एकेकट्याने आत बोलावलं जातं. त्यांच्या मागे कुणी नसतं.

'दबाव होता तर नंतर कोर्टात जायचं,' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दबावाखाली झालेला करार रद्द करता येतो, हे करार कायद्यात आहे. पण दबाव सिद्ध करायचा कामगारानेच. बंद खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून झालेल्या बोलण्याला साक्षीदार कोण? बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये सांगितलं, की अर्ज मंजूर होण्याआधी कर्मचारी तो मागे घेऊ शकतो. पुढच्याच वर्षी ए. के. बिंदल खटल्यात न्यायालयाने हेही सांगितलं, की एकदा रक्कम घेऊन बाहेर पडलेल्याला मागच्या नोकरीतल्या हक्कांसाठी पुन्हा भांडता येत नाही. याचा अर्थ उघड आहे. जे काही राखायचं ते सहीआधी राखायला हवं. चेक वटल्यावर दार जवळजवळ बंद होतं. शिवाय देवणीहून पुण्याच्या प्रत्येक तारखेला रात्रभराचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि वकिलाची फी. हातावर पोट असलेला माणूस दोन तारखांत थकतो.

हे अवघड आहे असंही नाही. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडताना विचार करायला 21 दिवस, गटाने काढत असतील तर 45 दिवस, आणि सहीनंतर माघार घ्यायला सात दिवस मिळतात. वकिलाचा सल्ला घे, असं त्याला लेखी सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्यानुसार स्वतंत्र सल्लागाराशी बोलल्याशिवाय असा करार ग्राह्यच धरत नाहीत. तिथले कारखाने यामुळे बंद पडलेले नाहीत.

मंत्रिमहोदय, कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्याच्या नियमांत, आणि लागेल तिथे दुरुस्ती करून, पुढील गोष्टी करता येतील :

1. राजीनामा आणि हक्कत्यागाचा मसुदा मराठीत द्यावा आणि त्याची प्रत कामगाराच्या हाती पडल्यापासून 21 दिवस सही घेऊ नये.
2. पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं कायदेशीर देणं एका रकान्यात आणि कंपनी वरून देते ती रक्कम दुसऱ्या रकान्यात लिहावी. पहिला रकाना सहीवर अवलंबून नसावा.
3. सहीनंतर सात दिवस माघारीची मुभा असावी.
4. तीन महिन्यांत एका आस्थापनेतून दहा किंवा अधिक राजीनामे आले, तर कामगार आयुक्तांनी ते कपात आहेत का, हे तपासावं.
5. तक्रार आणि सुनावणी कामगाराच्या मूळ जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी लातूरला, व्हिडिओ कॉन्फरन्सने व्हावी.

यात सरकारच्या तिजोरीतून फारसं काही जात नाही. सचोटीने वागणाऱ्या मालकाचंही काही जात नाही, कारण त्याच्या कामगाराची सही 21 दिवसांनंतरही तीच राहील. अडचण होईल ती फक्त बंद खोलीत सही घेणाऱ्यांची. त्यांची अडचण करणं हेच कामगार खात्याचं काम आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या आमच्या पोरांना एक सांगणं. कागद समोर आला तर 'घरी विचारून उद्या सांगतो' एवढं तरी म्हणा. प्रत मागा. प्रत देत नसतील तर त्याच दिवशी त्यांना ईमेल करून काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. सही केल्यावर चार जण सल्ला द्यायला येतात. तुम्ही सहीआधी एकाला तरी विचारा.

आपला,
एक पालक
देवणी, जि. लातूर