भिंग कुणाच्या डोळ्यासाठी?

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती पैशांची. रुग्णालयातल्या बाईंनी आमच्यापुढे एक तक्ता ठेवला होता. डावीकडे लेन्सची नावं, उजवीकडे किमती. "ही वरची घेतलीत तर आजींना चष्म्याची कटकट नाही. शेवटी आईचा प्रश्न आहे," त्या हसून म्हणाल्या. या वाक्यानंतर खालची लेन्स मागायची हिंमत कोणत्या मुलाला होईल?

आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

माझ्या आजीच्या वेळी हा पेचच नव्हता. मोतीबिंदू काढला की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्माचा सोबती व्हायचा. खरं तर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची युक्ती तेव्हा सापडली होती. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर एका प्लॅस्टिकचे, कण घुसले आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले, हे हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञानं हेरलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्यानं त्याच प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा डोळ्यात बसवलं. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेनं १९९२ साली ऑरोलॅब सुरू झाली आणि हे भिंग गरिबाच्याही आवाक्यात आलं. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

मग महाग लेन्समध्ये असतं काय? साधी लेन्स एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवते. उरलेल्या अंतरासाठी चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश जवळच्या आणि लांबच्या अंतरांत वाटून देते. पण वाटणी आली की प्रत्येकाच्या पानात थोडं कमीच पडणार! काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, अंधुक उजेडात कडा फिक्या वाटतात. मधुमेहानं किंवा वयानं डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर डॉक्टर ती सहसा सुचवत नाहीत. धडधाकट डोळ्यांच्या, चष्मा नकोच असलेल्या माणसाला ती वरदानही ठरते. माझं भांडण लेन्सशी नाही, निवडण्याच्या पद्धतीशी आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "चष्मा काढला की मला सुईत दोरा ओवता येतो. ते राहील ना रे?"

मी गप्प झालो. आईला शाळेपासून वजा तीनचा नंबर. लांबचं पाहायला चष्मा; पण पोथी, तांदूळ निवडणं, गोधडीचे टाके, सगळं उघड्या डोळ्यांनी. साधी लेन्स बहुधा लांबचं दिसेल अशा बेतानं बसवतात. म्हणजे तिला जन्मभर जे सहज जमलं, त्यासाठीच चष्मा लागला असता!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साधीच लेन्स जवळच्या अंतराला जमवता येते. लांबचा चष्मा राहील, पण त्याची त्यांना सवयच आहे. शिवाय दुसऱ्या डोळ्याशी नंबर जुळेल. हे आधी सांगायला हवं होतंत." आता, आम्ही सांगायला हवं होतं की त्यांनी विचारायला हवं होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. किमतीच्या तक्त्याआधी रुग्णापुढे चार प्रश्न यावेत. दिवसभर डोळ्यांनी काय करता? रात्री गाडी चालवता का? चष्मा जाचतो की अंगवळणी पडलाय? डोळ्याला दुसरा काही आजार? याची उत्तरं रुग्णानं द्यावीत, मुलानं किंवा सुनेनं नव्हे. डोळा ज्याचा, पसंती त्याची. आणि आपणही मायेचं माप लेन्सच्या किमतीनं मोजणं सोडावं. ऐपत नसताना कर्ज काढून घेतलेली लेन्स आईच्या कामाची नसेल, तर त्या कर्जात मायेपेक्षा आपली लाजच जास्त असते.

आई आता खिडकीपाशी बसून नातवाची गोधडी शिवते. चष्मा कपाळावर असतो. परवा मी दोरा ओवून द्यायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे. तुलाच दिसत नाही नीट."