गुरुजींची शाळा

आज आधी एक कोडं. शाळांना सुट्टी लागली आहे. मुलं बाहेर विटीदांडू खेळताहेत. आणि शाळेत मात्र वर्ग भरलाय! वर्गात बसलेत ते सगळे गुरुजी आणि बाई. आजूबाजूच्या गावांतून मिळून दहाएक जण आले आहेत. त्यांच्यासमोर काळ्या-पांढऱ्या चित्रांचा एक टीव्ही आहे. धडा येतोय अहमदाबादहून, पण तो पोचतोय थेट आभाळातून. सांगा पाहू, हे कधी आणि कुठं घडलं?

हार मानलीत? मग ऐका. हे घडलं १९७५ साली, आपल्याच देशात. ज्या गावांतल्या बहुतेकांनी तोवर टीव्ही डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, अशा गावांत!

आता तुम्ही विचाराल, गुरुजींना कशाला हवी शाळा? ते तर शिकूनच गुरुजी झालेले असतात. बरोबर आहे. गुरुजी होण्यासाठी अध्यापक विद्यालयात जावं लागतं. मुलांना कसं शिकवायचं, फळा कसा वापरायचा, हे तिथं शिकतात. पण एकदा नोकरी लागली आणि दूरच्या खेड्यात बदली झाली, की ते विद्यालय राहतं शहरात आणि गुरुजी राहतात खेड्यात. इकडे पुस्तकं बदलतात, विज्ञान शिकवायच्या नव्या रीती येतात. त्या गुरुजींपर्यंत कोण पोचवणार? त्यात कितीतरी शाळा एकशिक्षकी. म्हणजे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत आणि शिकवणारे गुरुजी एकटे. ते शहरात शिकायला गेले तर शाळेला कुलूपच!

जरा वही-पेन्सिल घ्या. समजा, २४,००० शिक्षकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. एका विद्यालयात एका वेळी १०० जणांची सोय होते. मग तुकड्या किती होतील? २४०. प्रत्येक तुकडीला १२ दिवस, म्हणजे एकूण २,८८० दिवस. एकही रविवार, एकही दिवाळी न घेता जवळजवळ आठ वर्षं! शेवटच्या तुकडीची पाळी येईपर्यंत पहिलीतलं पोर हायस्कुलात गेलेलं असणार.

म्हणून मंडळींनी ठरवलं, की शिक्षकांनी विद्यालयात यायच्या ऐवजी विद्यालयच त्यांच्या गावाला पाठवायचं. पण कसं?

आपल्याकडे टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी त्यावर धडेही दाखवू लागले. मुंबईला दूरदर्शन यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. अडचण अशी, की टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि काही अंतरावर संपतात. सगळा देश गाठायचा तर असे मनोरे किती उभारायचे? आणि सुरुवात नेहमी मोठ्या शहरांपासूनच होणार. खेड्यांची पाळी सगळ्यात शेवटी.

डॉ. विक्रम साराभाईंना हा क्रम उलटा करायचा होता. ते म्हणायचे, टीव्हीची खरी गरज खेड्यांना आहे. मनोरा जमिनीवर कशाला, तो आभाळातच उभारूया! मनोऱ्याचं काम उपग्रहाकडून करून घेऊया. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचं अणुऊर्जा खातं आणि अमेरिकेची 'नासा' यांच्यात करार झाला. नासा आपला उपग्रह एक वर्ष भारताला वापरायला देणार, आणि बाकी सगळं, म्हणजे कार्यक्रम, जमिनीवरची केंद्रं, गावातले टीव्ही, हे आपण करायचं. साराभाईंना मात्र हा प्रयोग पाहायला मिळाला नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं.

उपग्रहाचं नाव होतं एटीएस-६. तो ३० मे १९७४ रोजी आकाशात गेला. पहिलं वर्ष तो अमेरिकेच्या कामात होता. आणि गंमत बघा, तिथंही त्याच्याकडे एक काम होतं ते ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातल्या शिक्षकांना शिकवण्याचं! म्हणजे दूरच्या गुरुजींचा प्रश्न श्रीमंत अमेरिकेलाही सुटला नव्हता. मग १९७५ मध्ये त्याला सरकवत सरकवत आफ्रिकेच्या वर आणलं. तिथून त्याला भारत दिसू लागला.

हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते. फुगडी आठवा. तुम्हीही फिरता, मैत्रीणही फिरते, पण ती तुम्हाला कायम समोरच दिसते. तसंच हे. जमिनीवरून पाहिलं तर असा उपग्रह आभाळात एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. ही कल्पना आर्थर सी. क्लार्क या लेखकानं १९४५ सालीच लेख लिहून मांडली होती. या प्रयोगाच्या वेळी क्लार्क श्रीलंकेत राहत होते. 'इस्रो'नं आठवणीनं त्यांच्या घरीही एक टीव्ही आणि अँटेना बसवून दिली. कल्पना सुचलेल्या माणसाला ती खरी झालेली घरबसल्या पाहायला मिळाली!

एटीएस-६ ला नऊ मीटर रुंदीची छत्री होती. जाताना मिटलेली आणि अवकाशात पोचल्यावर उघडलेली. आभाळातली छत्री मोठी असली, की जमिनीवरची छोटी आणि स्वस्त चालते. गावातली छत्री होती तीन मीटरची, म्हणजे दहा फुटांची. आणि ती कशाची केली होती माहीत आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, त्या तारेच्या जाळीची!

"जाळीतून लहरी निसटून जाणार नाहीत का?" नाही जाणार. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी होती सुमारे ३५ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांहून जास्त. जाळीची भोकं त्यामानानं अगदी बारीक. या लहरींना ती जाळी पत्र्याच्या भिंतीसारखीच लागते. त्या उलट फिरून छत्रीच्या मधोमध गोळा होतात. पत्रा वाचला, वजन वाचलं, पैसे वाचले. शिवाय वारा जाळीतून आरपार जातो, त्यामुळे वादळात छत्री उडायची भीतीही कमी.

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रयोग सुरू झाला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला 'साइट' म्हणत. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली २,४०० गावं निवडली होती. यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. शिवाय मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार झाले ते इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत.

सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. मुलांचे कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया अशा चार भाषांत. दीड तासाचे चार भाग केले, की प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटं. आणखी एक युक्ती होती. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवता येत. म्हणजे चित्र तेच, पण एका गावात ते कन्नड बोलतंय आणि दुसऱ्या गावात तेलुगू!

आता येऊया आपल्या कोड्याकडे. साडेबावीस मिनिटांत टीव्ही एखादी गोष्ट छान दाखवेल. पण पुढे? समजा पडद्यावर एक प्रयोग दाखवला. पेल्याच्या तळाशी कागद कोंबला, पेला उपडा करून पाण्यात सरळ दाबला आणि वर काढला, तरी कागद कोरडा! मागच्या रांगेतली चिमी विचारते, "पेला तिरका धरला तर?" टीव्हीला तिचा प्रश्न ऐकूच येत नाही. तो आपला पुढच्या धड्याकडे निघून जातो. चिमीला उत्तर देऊ शकतात फक्त गुरुजी. किंवा त्याहून चांगलं म्हणजे, "चल, करूनच बघू," असं म्हणू शकतात. पण गुरुजींनी स्वतः तो प्रयोग कधी हातानं केलाच नसेल तर? "गप्प बस आणि पुढे बघ," हेच उत्तर मिळणार.

हे ओळखूनच दिल्लीच्या एनसीईआरटीतल्या मंडळींनी शिक्षकांसाठी १२ दिवसांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला. पहिली फेरी १९७५ च्या ऑक्टोबरात आणि दुसरी १९७६ च्या उन्हाळ्यात. दर फेरीला सुमारे २४,००० शिक्षक. आपण आठ वर्षांचा हिशेब केला होता ना? तेच काम १२ दिवसांत! २४,००० शिक्षक आणि २,४०० गावं, म्हणजे एका टीव्हीसमोर सरासरी दहा जण.

पण नुसता टीव्ही लावून सोडून दिलं नव्हतं, बरं का! जोडीला रेडिओवरचे कार्यक्रम होते. छापील पुस्तिका होत्या. प्रत्येक ठिकाणी एक मार्गदर्शक होता. कार्यक्रम संपला की शिक्षकांनी आपसांत चर्चा करायची आणि प्रयोग स्वतःच्या हातांनी करून पाहायचे. टीव्ही बघणं हा शाळेचा एक तास, बाकीचे तास हातांचे आणि तोंडांचे!

मग प्रयोगाचा निकाल काय लागला? खरं तेच सांगायला हवं. टीव्हीनं जादू केली नाही. गावात टीव्ही आला म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलांची गळती थांबली नाही. ज्या मुलीला घरी धाकट्या भावाला सांभाळायचंय किंवा ज्या मुलाला गुरं राखायचीत, त्याला टीव्ही कसा शाळेत आणणार? आणि ३१ जुलै १९७६ रोजी, बरोबर एक वर्षानं, कार्यक्रम बंद झाले. करारच तसा होता. उपग्रह पुन्हा अमेरिकेकडे निघाला. पुढे काही भागांत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून टीव्ही परत आला, पण सगळ्या २,४०० गावांत नाही.

जरा कल्पना करा. काल संध्याकाळपर्यंत बोलणारी पेटी आज मुकी. छत्री जागेवर आहे, पण तिच्यात आभाळातून काहीच उतरत नाही. मुलांना केवढं वाईट वाटलं असेल! पण ज्या गुरुजींनी उपड्या पेल्याचा प्रयोग एकदा हातानं केला, त्यांच्याकडून तो कुठला उपग्रह परत नेणार? पेला गावातला, पाणी गावातलं, आणि शिकलेले हात गुरुजींचे. माझ्या मते साइटचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच होतं. एक वर्ष मिळालेलं यंत्र त्यांनी, ते गेल्यावरही इथंच राहणाऱ्या माणसांसाठी वापरलं.

त्या वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते प्रा. यशपाल. पुढे १९९३ साली, मुलांच्या डोक्यावरचं अभ्यासाचं ओझं कमी करा, असं सरकारला सांगणारा अहवाल ज्या समितीनं दिला, तिचे अध्यक्षही तेच. मुलांनी पाठ करण्याऐवजी प्रश्न विचारावेत, असं त्यांचं म्हणणं.

१९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आई-बाबांना विचारा, त्यांना तिचे कार्यक्रम नक्की आठवत असतील. २०१७ मध्ये तीही बंद झाली. आज तर धडे मोबाइलमध्ये येऊन बसलेत. हवा तेव्हा थांबवा, हवा तितक्यांदा बघा. साइटच्या गावातल्या मुलाला हे सांगितलं असतं तर त्यानं डोळेच विस्फारले असते. पण चिमीचा प्रश्न अजून तिथंच आहे. पेला तिरका धरला तर काय होतं, हे मोबाइलमध्ये नुसतं बघण्यात आणि स्वतः बादलीशी बसून, बाही भिजवून करण्यात फरक आहे की नाही?

या आठवड्यात करून पाहा

१. चिमीचा प्रयोग करा. आधी पेला सरळ दाबा, मग हळूहळू तिरका करा. पाण्यातून काय वर येतं? कागदाचं काय होतं?

२. मोठी छत्री उघडा आणि तिची आतली बाजू दहा पावलांवर लावलेल्या रेडिओकडे करा. छत्रीच्या दांड्याजवळ कान नेऊन पुढे-मागे सरकवा. एका जागी आवाज जरा मोठा लागेल. गावातली जाळीची छत्री नेमकं हेच करत होती.

३. टीव्हीवर किंवा मोबाइलवर कोणताही एक धडा बघा आणि त्यावर तुम्हाला पडलेले तीन प्रश्न वहीत लिहा. ते दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारा. त्यांनाही उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका. त्यांना म्हणा, "चला सर, करूनच बघू!"