विश्लेषण : ओढ हिमालयातल्या तळ्यांची, मग सालबर्डीची पायवाट मागे का?

काश्मीर-हिमाचलातील तळी आणि खिंडींचे ट्रेक आता वऱ्हाडातल्या तरुणांच्याही यादीत आहेत. मात्र मोर्शीच्या उत्तरेला उभ्या असलेल्या सातपुड्यात डोंगर आहे, नदी आहे, गावे आहेत आणि शतकांची पायवाटही आहे. ती चालण्याजोगी राखली तर फायदा ट्रेकरचा होईल आणि त्याहून अधिक डोंगरातल्या गावांचा.

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर निळ्या तळ्यांची छायाचित्रे फिरू लागतात. काश्मीरचे विशनसर, गंगाबल. हिमाचलचा हमटा पास, चंद्रताल. मित्रांचा ग्रुप ठरतो, बूट ऑनलाइन मागवले जातात आणि मंडळी रेल्वेत बसतात. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपासच्या मोर्शीतून निघालेला माणूस आठवडाभरात चार हजार मीटरवर पोहोचतो. हौसेत गैर काही नाही. पण या प्रवासात दोन प्रश्न राहून जातात. शरीराची तयारी झाली आहे का? आणि घराच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर कधी चाललो आहोत का?

तळी-खिंडींच्या या वाटा कशा असतात?

काश्मीर ग्रेट लेक्स हे यातले सर्वात गाजलेले नाव. सोनमर्गजवळून निघायचे, निचनाई खिंड ओलांडून विशनसर-किशनसर या जोडतळ्यांपाशी यायचे, तेथून सुमारे ४,२०० मीटर उंचीची गडसर खिंड, मग सातसर आणि हरमुख शिखराच्या पायथ्याचे गंगाबल. शेवट नारानाग गावात. अंतर साधारण ७० किलोमीटर, दिवस सहा ते सात. हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, कारण त्याआधी खिंडीत बर्फ असते आणि नंतर ते पुन्हा पडू लागते.

हमटा पास तुलनेने छोटा. कुल्लूच्या हिरव्या खोऱ्यातून ४,२७० मीटरची खिंड चढून पलीकडे लाहौलच्या उजाड खोऱ्यात उतरायचे. एका दिवसात निसर्ग पालटतो, ही त्याची गंमत.

या वाटा ट्रेकिंग कंपन्यांनी शोधलेल्या नाहीत. त्या गुज्जर-बकरवाल आणि गद्दी मेंढपाळांच्या आहेत. उन्हाळ्यात कळप वर न्यायचे, थंडीआधी खाली आणायचे, या शेकडो वर्षांच्या ये-जा करण्यातून त्या पडल्या. पर्यटक तेथे मागाहून आला.

मैदानातल्या माणसाला धोका कशाचा?

चार हजार मीटरच्या पुढे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के राहतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीर याला जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात. ती अंगावर काढून वर चढत राहिल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून जीव जाऊ शकतो. उपाय जुना आणि साधा आहे : लक्षणे असतील तर वर जायचे नाही, वाढत असतील तर लगेच खाली उतरायचे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. सुट्टी मोजूनमापून काढलेल्या ग्रुपमध्ये नेमका हाच दिवस कापला जातो.

हवामान हा दुसरा धोका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रताल या उंचावरच्या तळ्याच्या ट्रेकला गेलेल्या २२ जणांच्या गटातील ९ जणांचा हिमवादळात मृत्यू झाला. मैदानात उन्हाचा कडाका असताना तेथे माणसे गारठून गेली.

चढाचा भाग त्या मानाने सोपा वाटतो, पण तो तसा नाही. खिंडीच्या दिवशी सहाशे मीटरच्या आसपास चढ आणि त्याहून गुडघेफोडू उतार असतो. ज्याने आयुष्यात सपाट शिवारच चालले, त्याचे पाय तिसऱ्या दिवशी बोलू लागतात.

सालबर्डीचा याच्याशी संबंध काय?

मोर्शीहून पाळामार्गे उत्तरेला निघाले की काही मिनिटांत संत्र्याच्या बागा मागे पडतात आणि सातपुडा सुरू होतो. सालबर्डी हे गाव डोंगराच्या तोंडाशी आहे. अर्धे अमरावती जिल्ह्यात, अर्धे मध्य प्रदेशच्या बैतुल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला ‘हर बोला महादेव’च्या गजरात भाविकांची रीघ डोंगर चढून गुहेतल्या महादेवाकडे जाते. लहान मुले, नऊवारीतल्या आजीबाई, खांद्यावर त्रिशूळ घेतलेले शेतकरी. यांपैकी कोणीही स्वतःला ट्रेकर म्हणवत नाही.

पश्चिमेला हाच डोंगर उंचावत जातो. पायथ्याच्या परतवाडा-अचलपूरपासून चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. म्हणजे सातशे मीटरच्या आसपास चढ, खिंडीच्या एका दिवसाइतकाच. गाविलगडच्या रांगेत वैराटची उंची १,१७८ मीटर. तळे हवे तर चिखलदऱ्यात शक्कर तलाव, काळापाणी आहे. गाव हवे तर गवळ्यांचा दुधा-खव्याचा मोथा आहे, मधाचे गाव म्हणून ओळख मिळालेले आमझरी आहे, कोरकूंचे पाडे आहेत. धबधबा हवा तर मुक्तागिरी आहे. सातपुडा विरळ हवेची सवय लावणार नाही, हे खरे. पण पाय, दम, पाठीवरचे ओझे, पाण्याचा हिशेब आणि ग्रुपमध्ये मागे पडणाऱ्यासाठी थांबण्याची शिस्त हे सगळे येथेच शिकता येते. तेही एका रविवारी, एसटीच्या तिकिटात.

या वाटा जुन्या किती?

महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामींनी सालबर्डीच्या डोंगरात तप केले. मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे, गोविंदप्रभूंचे गाव, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. स्वामी जेथे जेथे थांबले त्या जागांची नोंद ठेवणारा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ चौदाव्या शतकातला. कोणत्या गावात, कोणत्या दिशेला, कोणते स्थान, हे तो नेमके सांगतो. चालणाऱ्यासाठीची मार्गदर्शिका मराठीत इतकी जुनी आहे.

दुसरी नोंद युद्धाची. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. त्याआधी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अचलपूरहून डोंगराला वळसा घालत सुमारे ३० मैलांची वाट पाच दिवसांत पार केली. रस्ता नव्हताच, तो करत जायचे आणि अवजड तोफा माणसांनी दऱ्याखोऱ्यांतून ओढायच्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला.

तिसरी नोंद याहून फार जुनी. २००७ पासून अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाने मोर्शीच्या उत्तरेला, बैतुल जिल्ह्यातील धारूळ गावाच्या परिसरात आदिमानवाने रंगवलेल्या चित्रगुहा शोधून काढल्या. डोंगर पायी धुंडाळला म्हणूनच हा ठेवा हाती आला.

मग अडते कुठे?

पर्यटन म्हणजे ‘पॉइंट’ ही आपली समजूत आड येते. गाडी लावायची, कठड्याशी उभे राहून फोटो काढायचा, भुट्टा खायचा आणि पुढच्या पॉइंटला जायचे. चिखलदऱ्यातल्या भीमकुंडापासून देवी पॉइंटपर्यंतचा दिवस असाच जातो. सिडकोच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा सुमारे चारशे मीटरचा तो पूल पूर्ण झाल्यावर गर्दी खेचेल, यात शंका नाही. पण पुलावर आलेला माणूस तासाभरात परत गाडीत बसतो. पायी चालणारा माणूस मात्र वाटेतल्या गावात पाणी पितो, जेवतो, मुक्काम करतो. गावासाठी फरक या मुक्कामाचा आहे.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती रास्त आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा घोषित झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभा क्षेत्रात मनाला येईल तसे पायी भटकता येत नाही आणि येऊ नये. वाघ-अस्वलांच्या जंगलात हौशी ग्रुप सोडणे हे माणूस आणि प्राणी दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. मात्र सातपुड्याची सगळीच जमीन गाभा क्षेत्र नाही. गाभ्याबाहेरची गावे, यात्रेच्या वाटा, वनहक्क मिळालेली ग्रामसभांची जंगले हा मोठा पट्टा उरतो.

तिसरी अडचण सीमेची. सालबर्डीत पाऊल टाकले की राज्य बदलते. दोन राज्यांची वनखाती, दोन जिल्हा प्रशासने आणि मधे भाविक. यात्रेपुरता समन्वय होतो, मग पुढची महाशिवरात्र येईपर्यंत वाट डोंगराची डोंगराला.

गावांना यातून काय मिळेल?

नेपाळमध्ये १९८६ साली अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र प्रकल्प सुरू झाला. ट्रेकरकडून प्रवेश शुल्क घ्यायचे आणि ते त्याच खोऱ्यातील संवर्धन आणि गावांच्या कामावर खर्च करायचे, हे त्याचे सूत्र. मुक्काम तंबूत नाही, गावकऱ्यांच्या घरगुती लॉजमध्ये. इतके दूर नको असेल तर कळसूबाईच्या पायथ्याची बारी पाहता येईल. तेथे ट्रेकरला घरात पिठले-भाकरी मिळते आणि शेतीला जोड मिळते.

वऱ्हाडाकडे स्वतःचेही उदाहरण आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेले जंगल ग्रामसभेने राखले, वाढवले, त्यातली सीताफळे स्वतःच्या नावाने बाजारात नेली. २०१४ मध्ये या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जी ग्रामसभा जंगल राखू शकते, फळ विकू शकते, ती पायवाटही राखू शकते. वाटाड्या गावचा, जेवण गावचे, शुल्क ग्रामसभेचे, एवढे ठरले तरी पुरे.

हे लवकर ठरायला हवे, कारण पायवाट गावामुळे जिवंत असते. मेळघाटच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला बाहेर आली. पुढे आणखीही आली. माणसे उठली की बाजाराची, लग्नाची, देवाची वाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते. गाभ्यात ते अपेक्षितच आहे. पण गाभ्याबाहेर जी गावे आहेत, तेथून तरुण कामासाठी शहराकडे गेले, तर वाट दाखवणाराही उरणार नाही.

गर्दी वाढली तर?

हा आक्षेप खरा आहे. उत्तराखंडातील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तंबूंची इतकी दाटी झाली की ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर मर्यादित केली. नियम आधी केले नाहीत, म्हणून शेवटी बंदी आली आणि तिचा फटका गावातल्या खेचरवाल्याला, स्वयंपाक्याला बसला.

याचे उलट उदाहरण विदर्भातल्या घराघरांत माहीत आहे. पचमढीची नागद्वार यात्रा. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास साधारण दहा दिवस सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ती वाट उघडते, विदर्भातून हजारो जण डोंगर-घळी चढून जातात आणि मग वर्षभर जंगल पुन्हा जंगलाचे. कचऱ्याच्या तक्रारी तेथेही आहेत. पण ठरलेली वाट, ठरलेले दिवस हे तत्त्व टिकले आहे. भक्तांना जे जमते ते ट्रेकरना न जमण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

सुरुवात कोटींच्या आराखड्याने करण्याची गरज नाही. सालबर्डीची यात्रावाट आणि पायथ्याच्या वनहक्कप्राप्त गावांमधली एखादी वाट, अशा दोनच वाटा आधी निवडता येतील. वनखात्याची परवानगी, दगडावर रंगाच्या खुणा, पाण्याच्या जागांचे फलक, दिवसाला ठरावीक माणसे, गावचा वाटाड्या सक्तीचा. हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. पुढे वणव्याचे आणि उन्हाचे दिवस येतात. चालणाऱ्यांनीही आपला कचरा आपल्याच पाठीवर परत आणायचा. मोर्शी, वरूड, अचलपूरच्या महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेचे एक शिबिर या कामाला दिले, तर खुणांचे काम एका हिवाळ्यात होऊ शकते.

हिमालय कोठे जात नाही. विशनसरचे निळे पाणी पाहायला मोर्शीच्या तरुणाने जरूर जावे. पण सातपुड्याचे दोन हिवाळे पायाखाली घालून गेलेला तरुण तेथे जास्त सुरक्षित असेल. शिवाय मेंढपाळाच्या डेऱ्यासमोरून जाताना, ही आधी त्याची वाट आहे, हे त्याला सांगावे लागणार नाही. सालबर्डीच्या चढावर त्रिशूळ घेऊन निघालेल्या आजीबाईंच्या मागे चालताना ते तो शिकलेला असेल.