शेत आपले, पण रान कुणाचे?

‘शेत आपले, बंदूक परवान्याची, मग एखादे रानडुक्कर मारले तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न सध्या आमच्या नात्यातल्या एका कुटुंबात गाजतो आहे. सौंसरजवळ त्यांची आजोबांच्या वेळची थोडी जमीन आहे. वारसदार कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, एक लेक फोंड्याला दिलेली आणि एक नातू थेट अमेरिकेत. हा नातू तिथे टर्कीच्या शिकारीला जातो. तेव्हा सुट्टीत येऊन एकदा ‘आपल्या’ रानात बंदूक चालवावी, असे त्याच्या मनात आले. घरातले अर्धे लोक कौतुकाने हसले, अर्धे गप्प राहिले. मला मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

पांढुर्णा म्हटले की आपल्याला आठवते ती गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड बरसवतात, त्याची बातमी येते आणि आपण पान उलटतो. पण या मुलखाची ओळख तेवढीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या भागाचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. संत्र्याच्या बागा, कपाशी, मका आणि उत्तरेला सातपुडा. बोली ओळखीची, म्हणून पाहुणा गाफील राहतो. पण महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात आणि आपण गोव्यात एक-चौदा म्हणतो, तो कागद तिथे खसरा होतो. राज्य बदलले की कागद बदलतो, कचेरी बदलते, आणि रानही बदलते.

आता टर्कीचे बघा. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, पण भारतातल्या त्याच्या इतिहासात गोव्याचे नाव आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने जहांगीर बादशहासाठी गोव्याहून ज्या अजब चिजा नेल्या, त्यांत टर्कीचा नर होता. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला ‘पेरू’ म्हणतात. म्हणजे आपण पेरू झाडावरून काढतो आणि ते नाताळाला पेरू भाजतात! असो.

सांगायचे ते असे, की अमेरिकेतही ही शिकार मोकाट नाही. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली रानटर्की संपत आली होती. मग हंगाम ठरले, किती पक्षी मारायचे ते ठरले. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पक्षी पकडून जुन्या रानांत पुन्हा सोडले गेले आणि टर्की लाखोंनी वाढली. दुसऱ्या राज्यातल्या मामाच्या किंवा सासऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची, तर सहसा त्या राज्याचा परवाना काढावाच लागतो. मातीची मालकी वेगळी आणि पाखराची वेगळी, हे तत्त्व त्या नातवाला तिथेच कळायला हवे होते.

आपल्याकडे तर ते अधिक कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. टर्कीचे आपल्याकडचे भाऊबंद म्हणजे मोर, तितर, लावे. त्यांतला मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. गोळी घालणेच नव्हे, फासा लावणे, सापळ्यात धरणे, अंडी फोडणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी कलम ११ मध्ये वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी हुकमातून जाते आणि मारलेले जनावर सरकारचे होते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. अनोळखी जमिनीवर बंदूक घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला काय ठाऊक असते? टर्कीची शिकार वसंतातल्या पहाटेची. शिकारी झाडाच्या बुंध्याशी दडून मादीचा आवाज काढतो आणि नर जवळ येण्याची वाट बघतो. सातपुड्याच्या पायथ्याला मार्च-एप्रिलच्या त्याच पहाटे झाडांखाली कोण वाकलेले असते? मोहफुले वेचणारी माणसे, त्यांत बायका आणि लहान पोरेही. पीक उभे असेल तेव्हा बांधावरच्या मचाणावर कोणीतरी जागलीला निजलेला असतो. गवतात कठडा नसलेली विहीर असते. डुकरांसाठी कोणी चोरून वीजप्रवाह सोडलेली तार असू शकते. अशा तारांनी मध्य भारतात माणसे मेली आहेत आणि वाघही. हे सारे कुठल्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते जमीन कसणाऱ्याच्या पायांना ठाऊक असते. शहरातून आलेल्या मालकाला अंधारात हललेले गवत दिसते, त्यामागचा माणूस दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचते. डुकरांचा त्रास खोटा नाही. एका रात्रीत मक्याचे वावर आडवे होते. पण तो त्रास सोसतो कोण? ठेक्याने किंवा बटईने जमीन करणारा. जागरण त्याचे, नुकसान त्याचे, अर्ज-पंचनाम्यासाठी हेलपाटे त्याचे. आणि बंदुकीची मौज तेवढी मालकाची? त्यातही फासेपारध्यांची आठवण ठेवा. पाळीव तितर लावून रानतितर धरण्यात पिढ्यान् पिढ्या तरबेज असलेली ही माणसे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ मध्ये गेला; १९७२ च्या कायद्याने त्यांचा धंदाच बेकायदा ठरवला. पोटासाठी तितर धरणारा कोठडीत जातो आणि हौसेसाठी मारणाऱ्याची मर्दुमकी दिवाणखान्यात सांगितली जाते, हे कुठल्या न्यायात बसते?

आपण गोवेकरांनी हे लवकर ओळखायला हवे, कारण दूर राहणारा भाटकार आपण पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. नारळ पाडायच्या दिवशी येणारा, सावलीत बसून राशी मोजणारा. कुळांसाठी १९६४ चा आणि मुंडकारांसाठी १९७५ चा कायदा आपल्याला करावा लागला, तो नावावरची जमीन आणि हाताखालची जमीन यांतली ही दरी मोठी होती म्हणूनच. आणि माणूस व रान यांच्यातला तंटा चिघळला की काय होते, तेही आपण जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला पाहिले. म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. गुरे गमावणाऱ्याचे दुःख खरे होते, पण त्याचा शेवट असा व्हायला नको होता. गुरांची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर विषाकडे हात जाणार नाही, असे मला वाटते.

मग त्या नातवाने सौंसरला जाऊच नये का? जरूर जावे! पण बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन जावे. जो जमीन कसतो त्याच्याबरोबर चार रात्री जागलीला बसावे, डुकरे कुठून शिरतात ते पाहावे. कुंपणाचा निम्मा खर्च भावंडांनी वाटून घ्यावा. नुकसान झाले त्या वर्षी ठेक्यात सूट द्यावी. आणि डुक्कर मारण्यावाचून इलाज नाही असे तिथल्या माणसांना वाटले, तर त्यांच्या अर्जावर मालक म्हणून सही करून कचेरीत त्यांच्यासोबत उभे राहावे. गोळी कोणी आणि कधी घालायची, ते हुकूम देणाऱ्याने आणि त्या रानाची वाट ठाऊक असलेल्याने ठरवावे. वारसाहक्काने जमिनीचा हिस्सा मिळतो, तिथली माहिती मिळत नाही. ती ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे जाऊन विचारण्यात मालकाला कसला आला कमीपणा?