सही ठेकेदाराची, तार घरमालकाची
मोटारीचा स्टार्टर स्वतः खोलणारा चिखली-मेहकरकडचा शेतकरी घराच्या वायरिंगला वायरमन कशाला, असे म्हणतो. घरकुलाच्या 1 लाख 20 हजारांच्या मूळ अनुदानात मजुरी वाचवणे गैरही नाही. झिऱ्या माराव्यात, स्लॅबआधी पाइप टाकावेत. जोडणी मात्र परवानाधारक ठेकेदाराचीच, असा नियम आहे. मीटरसाठी टेस्ट रिपोर्टही त्याचाच लागतो. तो घर न पाहताच सही होऊन मिळत असेल, तर दोष एकट्या घरमालकाचा कसा? अर्थिंगशिवायही दिवा लागतो, म्हणून खर्चाची कात्री आधी अर्थिंगलाच. त्यात इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि गळणारा वीजप्रवाह जमिनीत नीट उतरत नाही. सही करणाऱ्याने निदान तो खड्डा तरी पाहावा. आणि वाचलेल्या मजुरीतून गळती होताच वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी आधी घ्यावे, झुंबर नंतर.