बटवा नेमका कोणाच्या आजीचा?



'आजीबाईचा बटवा' हा शब्द मराठीत इतका गोड करून ठेवला आहे की त्यावर प्रश्न विचारला तरी लोक रागावतात. ही आजी रविवारच्या पुरवणीत भेटते, दिवाळी अंकात भेटते, आता व्हॉट्सअॅपवरही भेटते. नऊवारी, हातात सहाण, बाजूला वेखंड, सुंठ, जायफळ. तिची बाळगुटी म्हणजे आपली थोर संस्कृती.

आता जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यावरची आजी घ्या. वारली असेल, कोकणा असेल, कातकरी असेल. नातवाला जुलाब झाले की ती कुड्याची साल उगाळून देते. खोकल्याला भारंगी, सुजेला निरगुडीचा गरम पाला, पोटातल्या मुरड्याला मुरुडशेंग. पहिल्या पावसात कोणती रानभाजी कशी शिजवली म्हणजे घसा खवखवत नाही, हे तिला ठाऊक असतं, कारण तिच्या आईला ठाऊक होतं. तिचं हे सगळं मात्र 'गावठी'. तीच कुड्याची साल कारखान्यात गेली आणि कुटजारिष्टाच्या बाटलीतून बाहेर आली की ते शास्त्र होतं. साल तीच, झाड तेच. बदलतात ते फक्त हात, आणि या देशात हात बदलला की किंमत का बदलते हे आपल्या वाचकांना शिकवायची गरज नाही.

सोवळंओवळं वैद्यकातही होतं. जी मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली, तिच्या चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचं अन्न निषिद्ध ठरवलं आहे. रोग्याच्या रक्ताला, पुवाला हात लावणारा माणूस अपवित्र. वैद्याची ही गत, तर सुईणीची काय असेल? महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत बाळंतपण करायला मांगाची किंवा महाराची बाई बोलवत. आमच्या घरात पणजीबद्दल सांगतात ते हेच. अडलेली बाई सोडवायला तिला मध्यरात्री उठवून न्यायचे, आणि नाळ कापून झाली की हात धुवायला पाणी वरून ओतायचे. बाळाला पहिला हात तिचा चालायचा, घागरीला चालायचा नाही. जिच्या हातात सगळ्यात जास्त ज्ञान तिलाच विटाळ चिकटवला, आणि नंतर तेच ज्ञान 'आपल्या पूर्वजांचं' झालं. कोणाच्या पूर्वजांचं?

हळदीची गोष्ट आठवते का? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. चांगलंच झालं. पण जिंकण्यासाठी पुरावा काय लागला? ग्रंथ आणि छापील लेख. या देशातली कोणतीही बाई जखमेवर हळद दाबते, पण ती करते हे कागदावर असल्याशिवाय चालत नाही. म्हणून २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारलं. तेही भरलं संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतून. ज्यांना अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांचं ज्ञान त्यात येणार कुठून? आधी लिहू द्यायचं नाही, मग लिहिलेलं दाखव म्हणायचं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हृदयविकारावरचं डिजिटॅलिस हे औषध वैद्यकाला दिलं विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने, त्याचं पुस्तक १७८५ चं. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की ही एका म्हातारीची घरगुती कृती होती, तिच्या घराण्यात लपवून ठेवलेली. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणातली कामाची कोणती हे त्याने शोधलं, मात्रा ठरवली, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. त्याचं काम मोठंच आहे. पण सव्वादोनशेहून जास्त वर्षं त्याचं नाव घेतलं जातं, आणि म्हातारीचं नाव त्या पुस्तकात नाही.

आपल्या देशात निदान कायदा तरी झाला. जैवविविधता कायदा, २००२. वनस्पती आणि तिचं ज्ञान वापरून धंदा करणाऱ्याने स्थानिकांना वाटा द्यायचा. उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाने रामदेवबाबाच्या दिव्य फार्मसीकडे असा वाटा मागितला, तर कंपनी कोर्टात गेली. म्हणणं असं, की आम्ही भारतीय कंपनी, आम्ही कशाला द्यायचं? डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने सांगितलं, द्यावं लागेल. मग २०२३ मध्ये काय झालं? संसदेने कायदाच दुरुस्त केला. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना वाटा देण्यातून सूट. म्हणजे पाड्यावरच्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट एखाद्या संहितेतही सापडली, की आजीचा हिस्सा संपला. ग्रंथ जिंकला, बाई हरली. एवढी उघड ब्राह्मणी तरतूद एकविसाव्या शतकात झाली आणि आपल्या चळवळीत त्यावर एक धड मोर्चा निघाला नाही.

का निघाला नाही? कारण आपल्यातल्या बऱ्याच शिकलेल्या पोरांना हा विषयच मागास वाटतो. 'जडीबुटी, भगत, सगळी अंधश्रद्धा' असं म्हणून ते मोकळे होतात. मित्रांनो, भगताचा मंत्र आणि बाईची साल यांत फरक आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र घालणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. साल मात्र तपासता येते. मंत्र तपासू देत नाहीत.

आणि तपासणं ही आपलीच परंपरा आहे. परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती आण, असं गुरूने सांगितलं, तर तो रिकाम्या हाताने परतला. पण प्रत्येक झाड औषध असलं तरी प्रत्येक उपाय बरोबर नसतो. कोरोनात लोकांनी गुळवेल पाण्यासारखी प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालय लगेच गुळवेलीच्या बचावाला धावलं. आपण कोणाच्याच बचावाला धावायचं नाही. मात्रा किती, कोणाला द्यायची नाही, थांबायचं कधी, हे विचारायचं. चांगल्या जाणत्या बाया हे आधीपासून सांगतातच, ऐकणारा तेवढा हवा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ऐकलं, त्याचं 'गोईण' झालं. त्याच जिल्ह्यात सर्च संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं.

आता दुसऱ्या टोकाचे. 'वनवासी बंधू-भगिनींचं निसर्गाशी नातं' वगैरे बोलणारे. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, बायांना डोक्यावर टोपल्या घेऊन उभं करतात, साहेब फोटो काढतात. मला या कौतुकाची चीड येते, कारण ते फार स्वस्त पडतं. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं मेली तेव्हा अख्ख्या देशाला जव्हार नकाशावर सापडलं. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत सातव्या महिन्यात घरीच बाळंत झालेल्या बाईची जुळी बाळं गेली. रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीत घालून निसरड्या वाटेने तीन किलोमीटर न्यावं लागलं, कारण रस्ता नव्हता. तिथे कोणता बटवा पुरणार होता? पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनाच विचारा. बाई अडली, अंगावरून जास्त जायला लागलं की त्याच आधी म्हणतात, गाडी बोलवा.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना आईची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला आणि त्याचा भार सरकारने उचलावा असं मांडलं. इथली बाई सातव्या-आठव्या महिन्यात वीटभट्टीवर असते. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी, वसई, ठाण्याकडे निघतात. आजी मागे राहते, नात भट्टीवर विटा उलथते. कोणतं झाड कशाला चालतं हे नातीने शिकायचं कधी? ज्ञान 'लोप पावतंय' म्हणून हळहळणाऱ्यांना ही भट्टी कधी दिसत नाही.

तेव्हा डॉक्टर, रस्ता, रुग्णवाहिका हे मागायचंच, आणि बायांच्या ज्ञानावरचा हक्कही मागायचा. एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

यासाठी हातात एक हत्यार आहे, ते गंजत पडलंय. जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'के' मध्ये, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य आहे. सामूहिक दाव्याच्या अर्जात त्यासाठी वेगळी जागा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत ती कोरी होती. चराई, पाणी, मोहफुलं सगळं लिहिलेलं, आणि ज्ञानासमोर एक आडवी रेघ.

आपण बौद्ध कार्यकर्ते, पाडा त्यांचा, ग्रामसभा त्यांची. त्यांच्या वतीने बोलायचं नाही, वही-पेन घेऊन जायचं. ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागा, आणि माहिती देणाऱ्यांत बायकांची नावं किती ते मोजा. मग जाणत्या बायांनी ग्रामसभेत ठरवू द्या की कोणतं ज्ञान लिहायचं आणि कोणतं घरातच ठेवायचं. जे लिहायचं ते त्यांच्या नावानिशी दाव्यात जाऊ द्या. हळदीच्या खटल्यात आजीचं तोंड चाललं नव्हतं. वनहक्काच्या नियमांत मात्र वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. पुढच्या ग्रामसभेची तारीख आधी विचारून ठेवा, आणि ती भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधीची घ्या, नाहीतर निम्म्या बाया गावात नसतील.