कृपा की कमाई?

आमच्या देवळांतील बाकांवर अधूनमधून एक झेरॉक्स केलेला कागद सापडतो. ही प्रार्थना नऊ दिवस म्हणा, तिच्या नऊ प्रती देवळात ठेवा, मागाल ते मिळेल, असा त्यावर मजकूर असतो. आता तोच कागद व्हॉट्सअॅपवर फिरतो, म्हणजे झेरॉक्सचा खर्चही वाचला. वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांत संत ज्यूड आणि संत अंतोनी यांचे जाहीर आभार छापून येतात. आभार मानण्यात गैर काहीच नाही. परंतु या कागदांमागे जी समजूत उभी आहे, तिला आमची हरकत आहे. आम्ही आमचा वाटा भरला, आता देवाने त्याचा भरावा, ही ती समजूत.

बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचा पाय वाहणाऱ्या म्हातारीवर हा रोख नाही. आपण रिकाम्या हाताने आलो आहोत हे तिला पक्के ठाऊक असते. आमचा वाद आमच्याशीच आहे, म्हणजे शिकल्यासवरलेल्या, रविवारची मिस्सा न चुकविणाऱ्या घरांशी. आम्ही नवस बोलत नाही. पण मुलाचे गुण, नवा फ्लॅट, परदेशचा व्हिसा ही आमच्या नियमित उपासनेची बक्षिसे आहेत असे मनोमन धरून चालतो. ‘देवाच्या कृपेने मुलगा इंजिनिअर झाला’ असे आम्ही सहज म्हणतो. मग शेजारचा मुलगा नापास झाला, तो कोणाच्या अवकृपेने? हा प्रश्न आम्ही उघड विचारीत नाही. त्याचे उत्तर मात्र कुजबुजत देतो : त्यांच्या घरी जपमाळ होत नाही ना!

या एका वाक्याने किती माणसे दुखावली गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मूल नसलेल्या सुनेला आम्ही आणखी एक नोव्हेना सुचवितो. दारुड्याच्या बायकोला श्रद्धा वाढविण्याचा उपदेश करतो. तरुणपणी नवरा गमावलेलीला ‘काहीतरी चुकले असेल’ असे नजरेने सांगतो. अशी माणसे प्रथम मागच्या बाकावर बसू लागतात, आणि पुढे एखाद्या रविवारी येतच नाहीत.

पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या तपस्व्याने असे शिकविले, की मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पापावाचून जगू शकतो. तो दुर्वर्तनी नव्हता, चांगला कडक शिस्तीचा होता. म्हणूनच त्याचा विचार सज्जनांना फार मानवतो. संत ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहीत राहिले. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. ५२९ च्या ऑरेंज परिषदेने आणि १५४७ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने सांगितले, की देवाकडे वळण्याची पहिली हालचालदेखील त्याच्याच कृपेने होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेविषयीच्या आपल्या पत्रात याच जुन्या चुकीचे नवे रूप दाखवून दिले होते. इतके सारे होऊनही पेलागियस आमच्या दिवाणखान्यात निवांत बसलेला आहे!

महिन्याभराच्या बाळाला आम्ही स्नानसंस्कारासाठी नेतो, तेव्हा त्याने काय कमावलेले असते? संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनविले. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, असे उत्तर मिळाले. बाकावरच्या कागदाच्या हिशेबाने पाहिले तर पौलाची प्रार्थना फसली.

आणि द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला? मजूर नाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो समजायला जड जाऊ नये. संध्याकाळी पाचपर्यंत उभे कोण राहते? ज्यांना सकाळपासून कोणी नेले नाही ते : म्हातारे, लंगडे, अंगात बळ नसलेले. पण घरी त्यांचीही पोरे उपाशीच असतात. मालकाने त्यांना दिवसभराची मजुरी दिली आणि पहाटेपासून राबणारे कुरकुरले. ती कुरकुर अजून आमच्या तोंडी आहे.

मग प्रयत्नच सोडावेत काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. कृपा निसर्गाला मोडीत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, हे संत थॉमस अक्वायनस यांनी कधीच सांगून ठेवले आहे. औषध घ्यावे, अभ्यास करावा, दारूच्या आहारी गेलेल्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे. हे सारे करूनही यश आले नाही, तर त्या घरावर देव रुसला असे समजू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. अशा घरी जाताना नव्या प्रार्थनेचा कागद नेऊ नये. त्यांच्याबरोबर बसावे, चहा घ्यावा. त्यांनी म्हटले तर एक ‘आमच्या बापा’ म्हणावी.

आमच्या धर्मग्रामात अशी घरे कोणती, हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. गेल्या नाताळात तिकडे कोण कोण गेले होते, हेही.